उद्योगातील स्त्रीनेतृत्व : उद्याचा विचार



उद्याच्या उद्योगधंद्यांचे सुकाणू कोणाच्या हाती असेल, हा आजचा विषय. नॉर्वेने २००३ साली मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्रियांना ४० टक्के जागा देण्याचा कायदा केला. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक कंपन्यांवर निदान एका स्त्री-संचालकाचे बंधन घातले. हे योग्यच झाले. परंतु खुर्ची मिळाली म्हणजे अधिकार मिळाला काय? घरच्या कर्त्या पुरुषाने पुढे केलेल्या कागदावर निमूटपणे सही करणारी संचालिका केवळ गणसंख्या भरते, नेतृत्व करीत नाही, असे आम्हांस वाटते.

याउलट १९५९ साली मुंबईत गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘लिज्जत’मध्ये लाटणारी प्रत्येक भगिनी मालकीणही आहे, नफा आणि तोटा, दोन्ही तिचे. जेथे जोखीम आपली, तेथेच निर्णयही आपला होतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच : मुलीला पदवी द्याच, पण ताळेबंदही वाचावयास शिकवा. आणि सुनेच्या हाती दुकानाची किल्ली देताना तिजोरीची किल्ली मागे ठेवू नका.