मेणबत्तीचं तेल साबणात? थांबा जरा!

गेल्या भागानंतर सगळ्यांत जास्त विचारणा आली ती एकाच गोष्टीची: "ताई, मेणबत्तीला आणि साबणाला सुगंधी तेल कुठलं घेऊ?" उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगते.

चार वर्षांपूर्वी गणपती गेल्या-गेल्या दिवाळीच्या ऑर्डरींना लागले होते. मोगऱ्याच्या मेणबत्त्या झाल्या, बाटलीत थोडं तेल उरलं. म्हटलं, वाया कशाला घालवा, साबणात घालू. मिश्रण छान ताकासारखं पातळ होतं. त्यात हे तेल पडलं आणि अर्ध्या मिनिटात त्याचा शिरा झाला! चमच्याने कसंबसं साच्यात दाबून बसवलं. महिनाभर वाळवून वड्या दिल्या. चौथ्या दिवशी नणंदबाईंचा फोन आला, हातांना खाज, लाल चट्टे. ज्यांना-ज्यांना वडी दिली होती त्यांना फोन करून परत मागवल्या. लाज वाटली, पण दुसरा इलाज नव्हता.

तेल वाईट नव्हतं. बाटलीवर 'मेणबत्तीसाठी' असं लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

म्हणून आधी ठरवायचं, की हे तेल ज्योतीत जाणार की अंगाला लागणार? अंगाला लागणार असेल तर विक्रेत्याकडे त्या तेलाचं 'इफ्रा' प्रमाणपत्र मागायचं. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना. त्या कागदावर वापराचे गट असतात आणि प्रत्येकासमोर जास्तीत जास्त किती टक्के ते लिहिलेलं असतं. साबणासाठी गट ९ बघायचा, मेणबत्तीसाठी १२. बाराव्या गटाचा आकडा बघून साबणात हात सैल सोडू नका. कागद द्यायला कुणी कां-कूं करत असेल, तर त्याचं तेल साबणासाठी घ्यायचं नाही.

आणि 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' हे तर अजिबात नको. लवंग आणि दालचिनीचं तेल शंभर टक्के नैसर्गिक असतं, पण प्रमाण चुकलं तर त्वचेची आग करतं. लवंगेचं तेल साबण झटपट घट्टही करतं. मोगरा, गुलाब अशा फुलांच्या वासांचंही बऱ्याचदा तसंच. ते वापरायचे असतील तर मिश्रण जरा थंड ठेवा, ब्लेंडर बाजूला ठेवून हाताने ढवळा.

मोजमाप थेंबांनी नाही, ग्रॅमने. दोनशे ग्रॅम मेणाला ६ ते ८ टक्के, म्हणजे १२ ते १६ ग्रॅम. जास्त घातलं की वास वाढत नाही, मेणावर तेलाचे थेंब जमतात आणि वात काजळी धरते. कोल्ड प्रोसेस साबणात तेलांच्या वजनाच्या साधारण ३ टक्के, किलोला ३० ग्रॅम. कागदावरची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळायची.

व्हॅनिलाबद्दल खूप जण विचारतात. त्यातल्या व्हॅनिलिनमुळे पांढरा साबण काही दिवसांत चहाच्या रंगाचा होतो. बिघडलेला नसतो, पण गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. मी सरळ 'कॉफी साबण' म्हणून विकते! लिंबू-संत्र्याचं तेल बाटलीत झकास, साबणात मात्र महिन्याभरात वास उडून जातो. केकचा इसेन्स मेणात मिसळतच नाही, तिकडे वळूच नका.

फ्लॅश पॉइंटचा एक गैरसमज आहे. 'मेण त्याहून गरम असेल तर वास उडून जातो' असं म्हणतात. तसं नाही. तेलाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते हे तापमान. म्हणून तेल घालताना गॅस बंद, भांडं खाली, आणि दोन मिनिटं सावकाश ढवळायचं. सोया मेणाच्या मेणबत्तीला नंतर आठवडा-दोन आठवडे तशीच ठेवा. दुसऱ्याच दिवशी पेटवून 'वासच नाही' म्हणून तेलाला नावं ठेवू नका.

नवीन तेल आलं की मी मोठी बाटली घेतच नाही. पंधरा-वीस ग्रॅमचं सॅम्पल, शंभर ग्रॅमची एक मेणबत्ती, एक छोटी वडी, आणि ती वडी महिनाभर आमच्याच न्हाणीघरात. नणंदबाई आता हसून विचारतात, "यंदा कुणावर प्रयोग?"

पुढच्या भागात वातींबद्दल बोलू. तोवर तुमच्या कपाटातल्या बाटल्या काढून त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचून ठेवा.