लांड्सहूटचा औषधविक्रेता

जुन्नरच्या वा घोडेगांवच्या पेठेंत आपण औषधविक्रेत्याच्या शब्दावर डोळे मिटून पुडी घेतों. बव्हेरियांतील लांड्सहूट गांवीं ग्रेगोर श्ट्रासर हा असाच औषधें विकी. पहिल्या महायुद्धांत लढून आलेला हा दुकानदार नाझी पक्षांत शिरला व १९२५ सालीं खालच्या बव्हेरियाचा पक्षप्रमुख झाला. पुढें छळछावण्यांचा सूत्रधार झालेला हिमलर तेव्हां त्याचा चिटणीस होता. उत्तर जर्मनींत पक्षाची संघटना श्ट्रासरनेंच वाढविली. हिटलरशीं बिनसल्यावर डिसेंबर १९३२ मध्यें त्यानें पदें सोडलीं; ३० जून १९३४ रोजीं त्याच पक्षाच्या हस्तकांनीं त्याला गोळ्या घातल्या. दुकानदाराची पुडी खात्रीची असली, म्हणून त्याचा पक्षहि खात्रीचा ठरत नाहीं. तो निराळ्या तराजूंत तोलावा लागतो.