अखेरच्या आजारांतील आपली इच्छा



आजचा विषय दिवेलागणीला घरांत काढूं नये, असें आपल्याकडे मानतात. वडीलधारें माणूस मरणाविषयीं बोलूं लागलें कीं, “अभद्र बोलूं नका” म्हणून त्यास गप्प बसविण्यांत येतें. मग एके दिवशीं तेंच माणूस अतिदक्षता विभागांत कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर असतें आणि मुलें बाहेरच्या बांकावर बसलेलीं असतात. डॉक्टर विचारतात, “काय करायचें?” उत्तर ज्याच्यापाशीं आहे, त्यास वाचा नसते.

हें उत्तर आधींच लिहून ठेवतां येतें. त्या कागदास इंग्रजींत ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. ‘जिवंत मृत्युपत्र’ हें त्याचें भाषांतर माझ्यासारख्या शाळामास्तरास तरी सहन होत नाहीं. आपण वैद्यकीय इच्छापत्र म्हणूं. मृत्युपत्र आपल्या पश्चात् इस्टेटीविषयीं बोलतें. हें पत्र आपण जिवंत असतांना, परंतु बोलूं शकत नसतांना, आपल्या देहाविषयीं बोलतें.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्यें अमानुष हल्ला झाला. त्यानंतर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, म्हणजे मे १९१५ नव्हे, मे २०१५ पर्यंत, त्या तेथेंच अंथरुणास खिळून होत्या. तेथील परिचारिकांनीं त्यांचें ज्या मायेनें केलें, त्यास तोड नाहीं. २०११ सालीं त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां न्यायालयानें उपचार थांबविण्यास परवानगी दिली नाहीं. सांभाळणाऱ्यांची इच्छा काय, हें सर्वांस समजलें. अरुणाबाईंची काय असती, हें कोण सांगणार?

पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें अशा इच्छापत्रास मान्यता दिली. त्या वेळीं मॅजिस्ट्रेटची सही लागे, म्हणून फारसें कोणी त्या वाटेस गेलें नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें ती अट गेली. आतां सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणासही दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून पत्र साक्षांकित करून घेतां येतें, व मन बदलल्यास तें लेखी रद्दही करतां येतें.

पत्र केलें म्हणजे डॉक्टर लगेच नळ्या काढतील, ही भीति व्यर्थ आहे. रोग बरा होण्याची आशा नाहीं आणि रोग्यास निर्णय करतां येत नाहीं, असें ठरल्यावरच तें उघडावयाचें. तीन डॉक्टरांचें एक मंडळ व त्यानंतर दुसरें, अशीं दोन मंडळें विचार करतात. वेदना शमविण्याचे उपचार चालूच राहतात. सुई टोंचून मरण देणें तर आपल्याकडे गुन्हाच आहे.

खरी अडचण निराळी. आपल्या वतीनें बोलणाऱ्यांचीं नांवें पत्रांत घालावीं लागतात. लोक संवयीनें थोरल्या मुलाचें नांव घालतात. आमचा थोरला फार हळवा. “अजून एक दिवस पाहूं” असें तो महिनाभर म्हणत राहील. म्हणून मीं त्याच्याजोडीला मुलीचें नांव घातलें. तो दोन दिवस बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं येऊन त्यानें पत्र सबंध वाचलें, आणि “बाबा, घरींच राहायचें, हें कोठें लिहिलें आहे?” असें विचारलें. तें वाक्य त्याच्याच सांगण्यावरून मागाहून घातलें.

एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांपाशीं द्यावी. दुसरी बँकेच्या लॉकरांत ठेवूं नये. रात्रीं दोन वाजतां लॉकर उघडत नाहीं. आमची औषधांच्या डब्याखालीं आहे.