माल न बघता केलेला भाव



मला बोलायला सांगितलं तेव्हा आधी नाहीच म्हणालो. समोर डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी झालेली मंडळी. मी मोंढ्यात आडत दुकान चालवणारा. म्हणजे बघा, इथं पाय ठेवण्याआधीच माझी तुलना सुरू झाली होती.

आपण वाढलो ते 'लातूर पॅटर्न'च्या ऐन भराच्या दिवसांत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आपल्या भागातली नावं किती, हे लोक पेपरात मोजायचे. घरी निकाल सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला : "त्याला किती पडले?" तो म्हणजे माझ्या बाकावरचा मित्र. दहावीनंतर तो लातूरला गेला, पुढं पुण्याला. मी वडिलांच्या दुकानात बसलो. शाळा सुटली, पण तो प्रश्न सुटला नाही. त्याचा फ्लॅट, त्याची गाडी, त्याच्या मुलीचं परदेशातलं शिक्षण, सगळं मी ऐकून ऐकून मोजत राहिलो.

माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसांशी ताडून पाहतो, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. खरंच आहे. टाटांच्या बंगल्यानं आपली झोप उडत नाही. बाकावरच्या मित्राच्या फ्लॅटनं उडते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. पुस्तकांच्या स्टॉलपाशी तो समोरून येताना दिसला. मी मान वळवली आणि गर्दीत शिरलो.

या मेळाव्यासाठी त्याला फोन करायचं काम माझ्याकडं आलं. तो म्हणाला, "संमेलनात तू मान वळवलीस, मी बघितलं होतं. आई गेल्यावर पहिल्यांदाच उदगीरला आलो होतो. वाटलं होतं, तुझ्याकडं जेवायला जावं."

काकू गेल्याचं मला माहीत नव्हतं. त्याचा फ्लॅट किती खोल्यांचा, हे मात्र पाठ होतं.

मोंढ्यात पोतं न उघडता सोयाबीनचा भाव होत नाही. मूठभर दाणे हातात घ्यायचे, ओल बघायची, माती बघायची, मग बोली. आणि मी तीस वर्षं मित्राच्या आयुष्याचा भाव माल न बघताच करत होतो. त्याचा जास्त धरला, माझा कमी.

सवय अजून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण आता कुणाचं नाव मनात सलायला लागलं की मी त्यालाच फोन लावतो. "घरी सगळे कसे आहेत?" एवढंच विचारतो. तो बोलायला लागला की मोजणं आपोआप मागं पडतं.

आज पंगतीत, ज्याला टाळत आलात त्याच्या शेजारी बसा. माझा मित्र तिथं दुसऱ्या रांगेत बसलाय. रात्री तो माझ्याकडं जेवायला आहे.