नळाची वाट बाईला ठाऊक हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी शिकलेल्या बाई येऊन आपल्याला चार चांगल्या गोष्टी सांगतात. यंदा कार्यवाहबाईंनी मलाच उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सांदण कसे करावे हे विचारले असते तर मी न अडखळता सांगितले असते. पण विषय दिला आहे तो घरातील नळ, पाईप आणि हल्ली घरोघर आलेला एसी. कारण आळीत कोणाचा नळ गळू लागला की मला हाक येते. ही विद्या मला हौसेने आलेली नाही. ती कशी आली तेच आधी सांगते.

आमच्या घरामागे गटाराच्या कडेला अळू होते. मे महिन्यात साऱ्या परसात माती तापून भेगा पडत, पण हे अळू मात्र हातभर पानांनी डोलत असे. मला त्याचा कोण अभिमान! इथे बसलेल्या कितीजणींनी त्या अळूच्या वड्या खाल्ल्या आहेत. "वहिनी, तुमचा हात चांगला हो," असे कोणी म्हटले की मी फुलून जाई. पण उन्हाळ्यात तिथे ओल येते कुठून, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

मग एका जूनमध्ये माझ्या धाकट्याला ताप आला. अन्नावरची वासना उडाली, डोळे पिवळे झाले. कावीळ! दीड महिना त्याची शाळा बुडाली. दहा वर्षांचे पोर पडवीत पडून दुसऱ्या मुलांचा खेळ बघत असे आणि मला विचारी, "आई, मी उद्या उठू का गं?" डॉक्टरांनी मला विचारले, "पाणी कुठले पिता?" मी म्हटले, "नळाचे. चांगले दुहेरी फडक्याने गाळून घेते." ते म्हणाले, "गाळून कचरा जातो, बाई. काविळीचा विषाणू फडक्यातून सहज पार होतो. पाणी उकळा, आणि घरी येणारा पाईप एकदा तपासून घ्या."

नळकाम करणारे दादा आले. त्यांनी पहिला प्रश्न केला, "वहिनी, तुमचा मेन कॉक कुठे आहे?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्न होऊन या घरात वीस वर्षे झाली, रोज पहाटे पाणी मीच भरते, पण ते पाणी कोठून आत येते आणि कुठे बंद होते हे मला ठाऊक नव्हते. आमचे हे कामावर गेलेले. शेवटी सासूबाईंनी तुळशीमागची कुंडी सरकवायला सांगितली, तेव्हा कॉक सापडला. तोही गंजून घट्ट बसलेला.

अळू उपटले तेव्हा त्याची मुळे लोखंडी पाइपाला वेढून बसली होती. पाईप गटाराच्या तळातून गेलेला आणि त्याला नखाएवढे भोक. दादांनी मला समजावले ते मी तुम्हाला सांगते, कारण माझ्या मते आजच्या भाषणात हेच मुख्य आहे. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळेला येते. पाणी चालू असते तेव्हा दाबामुळे ते भोकातून बाहेर येते. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होऊ लागतो, आणि तेच भोक बाहेरची घाण आत ओढते. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ती घाण आपल्या कळशीत पडते. शीळ धरणाचे पाणी शुद्ध करून आपल्या शहरात येते, पण आपल्या दारातल्या भोकाने ते पुन्हा नासले तर काय उपयोग?

कावीळ त्या भोकामुळेच झाली असे डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण तो पाइपाचा तुकडा आमच्या घराचा होता, आणि ओल वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती. मी तिच्या वड्या करून वाटीत होते! त्यानंतर मी ठरवले की नळाची वाट आपल्याला कळलीच पाहिजे. पाणी भरायचे बाईने आणि नळाचे बघायचे पुरुषाने, ही वाटणी आपणच करून ठेवली आहे. मुलगा बरा झाला, देवाची कृपा. पण "मी उद्या उठू का" हे शब्द अजून माझ्या कानांत आहेत.

आता कामाच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, गळती ओळखावी कशी? रात्री सर्व नळ बंद करून, टाकीत काठी बुडवून पाण्याची खूण करावी. पहाटे पाणी येण्यापूर्वी पुन्हा काठी बुडवावी. कोणी पाणी वापरले नसता खूण खाली गेली असेल तर टाकीपासून नळापर्यंत कोठेतरी गळती आहे. रस्त्यापासून टाकीपर्यंतचा पाईप मात्र पाणी चालू असताना चालत जाऊन बघावा. कोरड्या दिवसांत एकाच जागी शेवाळ, ओल किंवा माजलेले गवत दिसले तर माझे अळू आठवा. पावसाळ्यात हे कळायचे नाही, कारण आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सगळेच ओले असते. म्हणून ही तपासणी एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी.

दुसरी गोष्ट, ठिबकणारा नळ. "थेंबच तर पडतो," असे आपण म्हणतो. मी आमच्या मोरीतल्या नळाखाली रात्री नऊ वाजता पातेले ठेवले. सकाळी सहाला मापले तर सहा लिटर भरले. नऊ तासांत सहा, म्हणजे दिवसाला सोळा आणि महिन्याला 480 लिटर! आपल्या सासवांनी विहिरीवर रहाट ओढला, त्या पाण्याचे मोल जाणून होत्या. दुरुस्ती म्हणाल तर ती भाकरी थापण्यापेक्षा सोपी आहे. कॉक बंद करावा, नळ उघडून उरलेले पाणी सोडून द्यावे. मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, नाहीतर स्क्रू आत जातो. मग पान्याने नळाचे डोके उघडले की आत रबरी वायसर दिसतो. तो झिजलेला असतो. तोच नमुना दुकानात नेऊन तसाच नवा आणावा. बसवल्यावर फार आवळू नये. नळ जोर लावून बंद केल्यानेच वायसर लवकर मरतो. अर्ध्या फेऱ्यात उघडझाप होणाऱ्या नव्या नळांत बहुधा वायसर नसतो, तेथे आतला पूर्ण भाग बदलावा लागतो.

तिसरी गोष्ट, पाइपाची. लोखंडी पाईप आपल्या खाऱ्या, दमट हवेत गंजतो. प्लॅस्टिकचा गंजत नाही, पण उन्हात राहिला की ठिसूळ होतो. म्हणून गच्चीवरच्या पाइपाला रंग द्यावा किंवा तो झाकावा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसी लागतो, आणि दोन्हींचा चिकटवण्याचा डिंकही वेगळा. ओल्या सांध्यावर डिंक धरत नाही, सांधा कोरडा करूनच लावावा. आट्यांच्या सांध्याला पूर्वी सूत आणि सफेदा लावीत, आता टेफ्लॉनची पांढरी फीत मिळते. ती आट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते. आणि रात्री-अपरात्री पाईप फुटलाच तर? आधी कॉक बंद. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळावी, वर तारेने बांधावे. सकाळपर्यंत निभावते, पण तो कायमचा इलाज नव्हे. पाणी विजेच्या बोर्डाजवळ गेले असेल तर ओल्यात पाय घालू नये. मेन स्विच कोरड्या जागेवरून बंद करता आला तरच करावा.

आता एसी. पुष्कळजणी विचारतात, "आतून पाणी ठिबकते, मशीन बिघडले का?" बहुतेक वेळा नाही. हवेतला दमटपणा थंड नळ्यांवर जमून त्याचे पाणी होते, जसे ताकाच्या थंड तांब्याला बाहेरून घाम येतो. 1902 साली अमेरिकेत विलिस कॅरिअर नावाच्या इंजिनिअरने हे यंत्र योजले, तेही माणसांच्या सुखासाठी नव्हे. छापखान्यातला कागद दमट हवेने फुगत असे, तो दमटपणा काढण्यासाठी! तेव्हा रत्नागिरीच्या हवेत एसीतून बादली बादली पाणी निघाले तर नवल नाही. ते पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली की घरात ठिबकते. नळीला सारखा उतार हवा, तिचे टोक पाण्यात बुडता कामा नये, आणि ते शेजाऱ्याच्या भिंतीवरही सोडू नये. ते पाणी पिऊ नये, लादी पुसायला चालते. आतली जाळी दर पंधरवड्याला धुवावी. जाळी मळली तरी पाणी ठिबकते आणि विजेचे बिल वाढते. आकडा 24 वर ठेवावा. 1 जानेवारी 2020 पासून आपल्या देशात नवे एसी सुरू होताना 24 वरच सुरू व्हावेत असा नियम झाला, तो उगीच नव्हे.

बायांनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण मुलांना शिकवतो. मग आज घरी गेल्यावर एवढेच करा. आपला मेन कॉक शोधा. तो फिरतो का बघा. त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका द्या आणि तो घरातल्या सुनेला, मुलीला आणि मुलालाही दाखवा. मुलाला मुद्दाम म्हणते, कारण हे काम बाईचे की पुरुषाचे हा वाद मला घालायचा नाही. घरात असेल त्याला ते आले पाहिजे.

शेवटी एक विनंती. मंडळाच्या कपाटात पापडाचे लाटणे आहे, मोठी पातेली आहेत. त्यांच्याशेजारी एक पाना, एक टेफ्लॉनची फीत, चार वायसर आणि ट्यूबची एक पट्टी असू द्या. पाना मी आजच आणला आहे, तो अध्यक्षबाईंच्या हाती देते. बाकीचे तुम्ही आणा.

आणि हो, अळू मी पुन्हा लावले आहे. विहिरीच्या कडेला, पाइपापासून लांब. पूर्वीसारखे माजत नाही, पण वड्या होतात. या एकदा.