अक्षराची नवी अवजारे आणि परळीची पाटी



परळी वैजनाथच्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूचे पहिले स्वागत गावाच्या नावाची पाटी करते. या नावात ‘ळ’ आहे. हिंदीच्या नित्य लेखनात हे अक्षर येत नाही; त्यामुळे परप्रांतातून आलेल्या कागदावर पुष्कळदा ‘परली’ असे उतरते. वाचणाऱ्याला गाव कळते, परंतु ते परळीकरांचे गाव राहत नाही. एका अक्षराने नावाचा उच्चार बदलतो आणि त्याबरोबर आपलेपणाही थोडा उणावतो.

संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर फलक, पत्रिका, जाहिराती तयार करण्याची जी ऑनलाइन साधने आज उपलब्ध आहेत, त्यांची कसोटी याच नावावर लावून पाहण्यासारखी आहे. साधन कितीही प्रगत असो, त्यात ‘परळी वैजनाथ’ ही अक्षरे नीट उमटतात काय, हा येथील कारागिराचा पहिला प्रश्न असला पाहिजे.

अक्षरांची गरज असलेले गाव

परळीची ओळख मुख्यतः दोन गोष्टींनी आहे. एक, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले वैद्यनाथाचे मंदिर. आणि दुसरी, १९७१ मध्ये ज्याचा पहिला संच सुरू झाला ते औष्णिक विद्युत केंद्र. यात्रा, बाजारपेठ आणि रेल्वेचे जंक्शन एकत्र आलेल्या अशा गावाला वर्षभर अक्षरांची गरज पडते. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिशादर्शक फलक, हरिनाम सप्ताहाची पत्रके, लग्नपत्रिका, शिकवणी वर्गांच्या जाहिराती, शेतकरी मेळाव्याची निमंत्रणे, शाळांची प्रमाणपत्रे, ही कामे बारमाही चालतात आणि त्यांवर अनेक घरांची उपजीविका अवलंबून असते.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. लोकांच्या तोंडी असलेल्या मराठीला दरबारी प्रतिष्ठा नव्हती. ज्या भूमीत आपल्या भाषेतील पाटीला असा इतिहास आहे, तेथे ती पाटी शुद्ध व सुवाच्य असावी, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

रंगाच्या डब्यापासून पडद्यापर्यंत

मराठी मुद्राक्षरांची परंपरा मोठी आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि तेथील देवनागरी खिळ्यांची ख्याती देशभर पसरली. पुढे गावोगावी ट्रेडल यंत्रे आली. भिंतीवरील आणि दुकानावरील पाट्या मात्र पेंटरच्या कुंचल्यातूनच उतरत. पेंटर आधी खडूने दोन रेषा ओढी, अक्षरांची रुंदी नजरेने मोजी आणि मगच रंगाचा डबा उघडी. त्याच्या हाताला अक्षराचे माप ठाऊक होते.

त्यानंतर डीटीपी आले, कोरलड्रॉ आले, फ्लेक्सची यंत्रे आली. त्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीच्या ‘श्रीलिपी’सारख्या प्रणालींनी मराठी मजकूर जुळवण्याचे मोठे काम केले. मात्र जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये एक मूलभूत अडचण होती. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरासाठी राखलेला एखादा संकेतांक असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटत.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने ही अडचण दूर केली. १९९१ मधील तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले. मराठीला आवश्यक असलेल्या ‘ॲ’ या स्वराला स्वतंत्र संकेतांक मिळण्यास मात्र २००८ साल उजाडावे लागले. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. आजची ऑनलाइन साधने या युनिकोडवरच चालतात. म्हणून जुन्या फाँटमध्ये साठवलेला मजकूर तेथे तसाच चिकटवून उपयोग होत नाही. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा वाचून घ्यावा लागतो.

नव्या सोयी कोणत्या?

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे २०१३ मध्ये सुरू झालेले ‘कॅन्व्हा’ आणि ‘ॲडोबी एक्सप्रेस’ ही अशा साधनांची ठळक उदाहरणे होत. यांसाठी महागडा संगणक लागत नाही. इंटरनेट आणि साधा भ्रमणध्वनी असला तरी कामाला प्रारंभ करता येतो.

पहिली सोय तयार नमुन्यांची. पत्रिका, फलक, प्रमाणपत्र यांचे आराखडे आधीच मांडलेले असतात. त्यात मजकूर व चित्र बदलता येते. दुसरी सोय आकारबदलाची. यात्रेचा फलक एकदा तयार झाला की त्यावरून हातपत्रक किंवा व्हॉट्सॲपवर पाठवण्याचे चित्र करताना सर्व जुळणी नव्याने करावी लागत नाही. तिसरी सोय छायाचित्रामागची पार्श्वभूमी काढून टाकण्याची. पूर्वी माणसाच्या चित्राची कड कापण्यात बराच वेळ जाई. आता ते काम क्षणार्धात होते.

चौथी सोय शाळांच्या विशेष उपयोगाची आहे. एका बाजूला प्रमाणपत्राचा नमुना आणि दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांच्या नावांचा तक्ता दिला, की प्रत्येक नावाचे स्वतंत्र प्रमाणपत्र आपोआप तयार होते. शालेय शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी कॅन्व्हाची शैक्षणिक आवृत्ती विनामूल्य आहे. पाचवी सोय सहकार्याची. परळीतील कारागीर रचना करीत असताना पुण्यातील ग्राहक तीच रचना पाहू शकतो, त्यावर शेरा लिहू शकतो. ‘नमुना पाहायला या’ असा निरोप धाडण्याची गरज उरत नाही.

यांपैकी काही सोयी विनामूल्य असतात, काहींना मासिक वा वार्षिक वर्गणी पडते. कोणती सोय कोणत्या वर्गात मोडते, हे काम स्वीकारण्यापूर्वी पाहून घेणे शहाणपणाचे ठरते.

अक्षराची कसोटी

या साधनांचा जन्म रोमन लिपीच्या घरात झाला आहे. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेने एकमेकांना धरून असतात. हा भेद लक्षात न घेता साधन वापरले, तर पाटी बिघडते.

अक्षरांतील अंतर वाढवण्याची सोय रोमन मजकुराला शोभा देते. मराठीत तीच सोय शिरोरेषेचे तुकडे करते. मजकूर कमानीवर वळवला, तर काना-मात्रा आपल्या अक्षरापासून ढळण्याची शक्यता असते. एकेक अक्षर पुढे आणणाऱ्या हालत्या चित्रात जोडाक्षर मध्येच फुटते. अशा ठिकाणी अक्षराऐवजी संपूर्ण शब्द एकदम पुढे आणावा.

‘ऱ्य’ची बाब अधिक महत्त्वाची. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत रफाराच्या जागेचा फरक आहे. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. बालाघाटच्या ‘दऱ्या’ चुकीच्या जुळणीने ‘दर्या’ झाल्या, तर डोंगराच्या जागी समुद्र येतो. बीड जिल्ह्यात सर्वाधिक छापला जाणारा शब्द ‘शेतकऱ्यांना’ हाच असावा. ज्याच्यासाठी मेळावा भरतो, त्याचे नावच फलकावर मोडलेले असणे शोभादायक नाही.

तिसरी बाब ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाची. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षररूपे निश्चित केली. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीयुक्त, तर हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड असतो. मराठीचा ‘श’ देठयुक्त असतो. पुष्कळ फाँटमध्ये ही दोन्ही वळणे दडलेली असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे हे साधनाला सांगण्याची तजवीज नसेल, तर हिंदी वळणच उमटते. यावर सोपा उपाय म्हणजे योग्य फाँटची निवड. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फाँट मराठी वळणे गृहीत धरूनच घडवला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बालू’, तसेच मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हातरंगाच्या पाट्यांवरून स्फुरलेला ‘यात्रा वन’ हे फाँटही मुक्त परवान्याने मिळतात. त्यांचा व्यावसायिक वापर करण्यास शुल्क पडत नाही.

कायदा आणि कारागीर

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असा दंडक घातला गेला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. कायद्याने पाटी मराठीत येते. ती चांगल्या मराठीत यावी, हे मात्र पाटी करणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून आहे.

यंत्राची प्रतिभा

मार्च २०२३ मध्ये ॲडोबीने ‘फायरफ्लाय’ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्व्हाने ‘मॅजिक स्टुडिओ’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आणली. शब्दांत वर्णन केले की यंत्र चित्र काढून देते, मजकूर सुचवते, भाषांतरही करते. लहान व्यावसायिकाला ही मोठीच मदत आहे. तरीही यंत्राने रेखाटलेल्या चित्रातील देवनागरी अक्षरे विश्वासार्ह मानू नयेत. ती पुष्कळदा अक्षरासारखी दिसतात, पण वाचता येत नाहीत. चित्र यंत्राकडून घ्यावे आणि मजकूर स्वतः टंकलिखित करून त्यावर ठेवावा, हा सुरक्षित मार्ग होय. मंदिराचे चित्र हवे असेल, तर यंत्राच्या कल्पनेतील शिखरापेक्षा प्रत्यक्ष घेतलेले छायाचित्र केव्हाही श्रेयस्कर. यात्रेकरू खऱ्या वैद्यनाथाच्या पायऱ्या चढतो. भाषांतरही जाणकाराने वाचल्यावाचून छपाईस देऊ नये.

पडद्यावरून कागदावर

पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. भ्रमणध्वनीवर झळाळणारा हिरवा रंग छपाईत मंदावतो; म्हणून मोठ्या कामाआधी एक नमुना प्रत काढून पाहावी. पत्रिकेसाठी चित्राची सूक्ष्मता इंचाला ३०० ठिपके असावी आणि कापणीसाठी चारही बाजूंना सुमारे ३ मिलिमीटर रंग अधिक सोडावा. छपाईच्या यंत्रावर फाँट बदलून अक्षरे मोडू नयेत, म्हणून फाइल पाठवताना मजकूर ‘कर्व्ह’ करण्याची डीटीपीवाल्यांची जुनी सवय येथेही उपयोगी पडते. मात्र मजकूर बदलता येईल अशी मूळ प्रत जपून ठेवावी. ऑनलाइन साधनातील काम दूरच्या संगणकावर साठवलेले असते. वर्गणी खंडित झाली किंवा यात्रेच्या आदल्या रात्री इंटरनेट बंद पडले, तर हाताशी प्रत असलेली बरी.

धंदा जाईल काय?

आता ग्राहक स्वतःच भ्रमणध्वनीवर पत्रिका करू लागला, तर कारागिराचे काय, ही चिंता अनाठायी नाही. केवळ नमुन्यात नाव भरून देण्याचे काम हळूहळू ग्राहकाच्या हाती जाणार, हे मान्य केले पाहिजे. खिळे जुळवणाऱ्यांवर आणि पाट्या रंगवणाऱ्यांवर अशी वेळ पूर्वी येऊन गेली आहे.

मात्र नमुना साऱ्या जगाला एकच मिळतो. सप्ताहाच्या पत्रकात कीर्तनकारांचा क्रम कसा लावावा, पत्रिकेत कोणाचे नाव कोठे घ्यावे, चष्मा विसरून आलेल्या वृद्ध वारकऱ्याला दिशादर्शक फलक किती अंतरावरून वाचता यावा, याचे ज्ञान नमुन्यात नसते. ते गावात राहणाऱ्या माणसाजवळ असते. नाट्यशीर्षकांना स्वतंत्र चेहरा देणारे कमल शेडगे (निधन २०२०) किंवा सुलेखनासाठी २०२५ मध्ये पद्मश्रीने गौरवले गेलेले अच्युत पालव यांची थोरवी अवजारात नव्हे, तर अक्षर पाहण्याच्या शिस्तीत आहे. ती शिस्त परळीतील तरुणालाही साध्य आहे. तिला वर्गणी पडत नाही.

यासाठी आरंभ अगदी छोटा असावा. ज्या तरुणाला हे काम शिकावयाचे आहे, त्याने नवे साधन उघडताच त्यात तीन शब्द लिहून पाहावेत : ‘परळी’, ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘वैद्यनाथ’. पहिल्यात ‘ळ’ची, दुसऱ्यात ‘ऱ्य’ची आणि तिसऱ्यात ऐकार व जोडाक्षराची परीक्षा होते. तिन्ही शब्द सुबक उमटले, तर ते साधन मराठीच्या कामाला योग्य समजावे. एखादा मोडला, तर फाँट बदलावा. तरीही मोडला, तर साधन बदलावे. शब्द मात्र बदलू नये.