सातपुड्याची होळी आणि परका पाहुणा

फाल्गुनाचा शुक्लपक्ष लागला म्हणजे शहाद्याच्या बाजारपेठेचा रंग पालटतो. एरवीं केळी, पपई आणि मिरची यांच्या भावांत गुंतलेलें हें गोमाईकांठचें गांव उत्तरेकडे पाहूं लागतें. कारण सातपुड्याच्या रांगा तेथून दृष्टीच्या टप्प्यांत आहेत, आणि त्या रांगांत आतां ढोल तापूं लागलेले असतात. गुजराथेंत ऊंसतोडीला गेलेलीं बिऱ्हाडें परत फिरतात. दिवाळीला नसला तरी चालेल, पण होळीला माणूस आपल्या डोंगरांत हवाच, असा तिकडचा दंडक आहे. अशा वेळीं शहाद्याच्या मोटारतळावर एखादा परदेशी पाहुणा उतरला असें समजूं या. गळ्यांत कॅमेरा, खांद्यावर पिशवी आणि हातांत कुठल्याशा पुस्तकांतून उतरून घेतलेलीं टिपणें. त्याला होळी पाहावयाची आहे. पण ती पेटण्यापूर्वीं जें कांहीं घडतें तेंच अधिक पाहण्याजोगें आहे, हें त्याच्या टिपणांत बहुधा नसतें.

परक्यानें आमची होळी पाहून तिच्यावर लिहावें, ही गोष्ट नवी नव्हे. १८०९ सालीं टॉमस ब्राउटन हा इंग्रज लष्करी अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणींत होता. रेसिडेंटाच्या रक्षकतुकडीचा तो प्रमुख. त्यानें तेथून लिहिलेलीं पत्रें १८१३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत शिंद्यांच्या होळीचें मोठें खुसखुशीत वर्णन आहे. आग विझविण्याचा बंब पिवळ्या पाण्यानें भरलेला, डझनभर माणसें तो चालवीत आहेत आणि त्याची नळी स्वतः महाराजांच्या हातीं! दरबारी काय आणि पाहुणे काय, सगळेच चिंब. ब्राउटन होता मोकळ्या मनाचा आणि त्याची नजरही तीक्ष्ण होती. परंतु त्या दिवशीं तो निमंत्रणावरून गेला, भिजला आणि आपल्या तंबूंत परतला. सणाचा एवढाच तुकडा पाहुण्याच्या वांट्यास येत असतो.

सातपुड्यांत मात्र तयारीच लांबलचक असते. होळी सर्व गांवांची एके दिवशीं नाहीं; गांवोगांवच्या तिथी निरनिराळ्या ठेवलेल्या, म्हणजे एकमेकांकडे जातां यावें. याहामोगी मातेचें स्थान म्हणून मानल्या जाणाऱ्या डाब गांवीं देवांची होळी आधीं, आणि मग बाकीच्या. त्यांत अक्कलकुवा तालुक्यांतील काठी गांवची होळी सर्वांत नांवाजलेली. काठी हें पूर्वीं पश्चिम खानदेशांतील मेवासी संस्थानांपैकीं एक. म्हणून तिला राजवाडी होळी म्हणतात, आणि ती १२४६ सालापासून चालत आली आहे असें तेथील परंपरा सांगते.

ज्यांनीं नवस केला आहे ते पुरुष होळीच्या कित्येक दिवस आधींपासून व्रत पाळतात. खाटेवर निजावयाचें नाहीं, ब्रह्मचर्य मोडावयाचें नाहीं, अन्न आपल्या हातानें शिजवावयाचें. हेच पुढें बावा, बुध्या, मोरखी होऊन नाचतात. अंगभर राखेची ठिपक्याठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेले भोपळे व घुंगूर, मस्तकावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसें लावलेला टोप. शहरांतल्या माणसाला ही वेशभूषा वाटते. ज्याच्या अंगावर ती आहे त्याच्या दृष्टीनें ती नवसफेड होय. घरांतलें कोणाचें दुखणें, न पिकलेलें शेत, असलें कांहीं तरी तिच्यामागें उभें असतें.

होळीचा दांडा म्हणजे ६०-७० फुटांचा सरळ बांबू. तो रानांतून निवडून, खांद्यावर वाहून आणावयाचा. वाटेंत त्याची हेळसांड खपत नाहीं. काठीला त्याचा खड्डा पहार-कुदळ न लावतां हातांनींच उकरण्याची रीत आहे. मग आंब्याचीं पानें, साखरेचे हारकडे, खोबरें, डाळ्या यांनीं तो सजतो आणि शेंकडों हात त्याला उभा करतात. बलिद्वीपांत गेलेल्या प्रवाशाला येथें एक ओळख पटेल. तेथील हिंदु लोक गालुंगान नांवाच्या सणाला, जो दर २१० दिवसांनीं येतो, घरोघर दारापुढें उंच बांबू उभारतात; तो शेंड्याशीं वांकलेला, पानांनीं आणि धान्याफळांनीं नटविलेला असतो. त्याला ते पेंजोर म्हणतात. दोहोंचा कांहीं संबंध आहे असें नव्हे; बांबूच्या देशांतल्या माणसाला देवापुढें उभें करावयास दुसरें काय सुचणार? तेथें शकवर्षाच्या आरंभीं, आमच्या पाडव्याच्या सुमारास, न्येपी नांवाचा मौनाचा दिवस पाळतात. त्या दिवशीं परदेशी पाहुण्यालाही रस्त्यावर फिरकतां येत नाहीं आणि विमानतळसुद्धां बंद असतो. पाहुण्यानें कोठें थांबावें हें तेथें यजमान ठरवितो. सातपुड्यांत तसा कोणी मज्जाव करीत नाहीं. त्यामुळें थांबण्याची जबाबदारी पाहुण्यावरच येऊन पडते.

आणि ती नेहमींच पाळली जाते असें नाहीं. होळीच्या आधींच्या आठवडे-बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. घुंगूर, डाळ्या, गूळ, नवें लुगडें, पोराबाळांना कांहीं खाऊ, अशी खरेदी करून ढोल वाजवीत घरीं जाण्याचा हा दिवस. परंतु तरुणानें तरुणीला गुलाल लावून पळवून नेण्याचा हा बाजार होय, असें कोणीं तरी एकदां छापलें आणि तेव्हांपासून तें एका पुस्तकांतून दुसऱ्यांत, एका वृत्तपत्रांतून दुसऱ्यांत उतरत आलें आहे. डोंगरांतलीं जाणतीं माणसें आणि शिकलेले आदिवासी तरुण कळकळीनें सांगतात कीं, हा होळीचा बाजार आहे, लग्नाचा नव्हे. तरी हा मजकूर वाचून येणारा पाहुणा बाजारांतल्या मुलींकडे कोणत्या नजरेनें पाहील? हा दोष एकट्या परदेशीयांचा नव्हे. मराठी लेखण्यांनींही त्याला हातभार लावला आहे, आणि त्यांना भाषेची अडचण तरी नव्हती.

परदेशी अभ्यासकाला शहादा अगदींच अनोळखी नाहीं. १९७२ च्या सुमारास येथील भूमिहीन आदिवासींनीं जमिनीसाठीं व मजुरीसाठीं जो लढा दिला, त्यावर मारिया मीस या जर्मन विदुषीनें १९७६ सालीं निबंध प्रसिद्ध केला. तिचा विषय सण हा नव्हता. पण मोरपिसांच्या टोपाखालचा माणूस वर्षाचे इतर महिने कोणाच्या शेतावर आणि काय मजुरीवर राबतो, हें ज्याला ठाऊक आहे त्याला होळीसाठीं मोडलेल्या त्या रोजांची किंमत कळते.

तेव्हां शहाद्याहून धडगांव-मोलगीच्या वाटेनें वर जाणाऱ्यानें होळीच्या निदान चार दिवस आधीं निघावें. मोरपिसें बांधणाऱ्या माणसाजवळ बसावें. छायाचित्र हवें तर आधीं विचारावें, आणि तो नको म्हणाला तर यंत्र पिशवींत ठेवावें. होळीची रात्र मोठी असते. ढोल, पावरी आणि बांसरी यांच्यावर फेर सुरू होतो तो थांबत नाहीं, आणि काठीची होळी पेटते ती पहांटे, उजाडण्यापूर्वीं. त्यानंतर फाग मागत हिंडणें आहेच. आणि तें आटोपलें म्हणजे पुष्कळशीं बिऱ्हाडें पुन्हां गुजराथच्या वाटेला लागतात.